माउंटन बायकिंगसाठी पॅडवाली लायनर शॉर्ट्स: निवड, वापर आणि घ्यायची काळजी

सायकल नियमित चालवायला लागलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात दोन ठिकाणी दुखते: गुडघे आणि बूड. गुडघ्याबद्दल लोक लगेच विचारतात. दुसऱ्या दुखण्याबद्दल मात्र घरातही बोलत नाहीत. त्रास जांघेत किंवा जननेंद्रियाजवळ असला, की आधी मेडिकलमधून एखादे मलम येते, मग सायकल काही दिवस बंद होते. गळू पिकल्यावर किंवा बधीरपणा जाईनासा झाल्यावरच रुग्ण दवाखान्यात येतो. हे लाजेपोटी होते, आणि त्यात उपचाराचे चांगले दिवस निघून जातात.

यातला बराचसा त्रास टाळता येतो. त्यासाठी योग्य कपडा हा एक महत्त्वाचा उपाय आहे. पण त्या कपड्याकडून काय अपेक्षा ठेवायची आणि काय नाही, हे आधी समजून घ्यायला हवे.

थोडक्यात

• पॅडचे मुख्य काम त्वचा घासू न देणे, घाम शोषून घेणे आणि बसण्याच्या हाडांना आधार देणे हे आहे. ते गादी नव्हे.
• जाड पॅड म्हणजे चांगले पॅड, असे नाही. डोंगरात चालवताना मध्यम जाडीचे, घट्ट फोमचे पॅड बहुतेकांना सोयीचे पडते.
• लायनर शॉर्ट्सच्या आत अंडरवेअर घालू नये.
• बधीरपणा हा पॅड बदलून सोडवायचा प्रश्न नाही. त्यासाठी सीट आणि बसण्याची पद्धत तपासावी लागते.
• मधुमेह असेल तर जांघेतल्या छोट्या फोडाकडेही दुर्लक्ष करू नये.

लायनर शॉर्ट्स म्हणजे काय?

डांबरी रस्त्यावर लांब पल्ल्याची सायकल चालवणारे लोक अंगाला चिकटणारी, पॅड शिवलेली लायक्राची शॉर्ट्स घालतात. डोंगरवाटांवर सायकल चालवणारे सहसा दोन थर वापरतात. बाहेरून सैल, जाड कापडाची शॉर्ट्स आणि तिच्या आत पातळ, जाळीदार, अंगाला घट्ट बसणारी पॅडवाली शॉर्ट्स. या आतल्या शॉर्ट्सला लायनर म्हणतात.

बाहेरची शॉर्ट्स काटेरी झुडपे, दगड आणि पडझड यांपासून थोडे संरक्षण देते. तिला खिसे असतात, आणि चहाच्या टपरीवर थांबल्यावर संकोचही वाटत नाही. आतली शॉर्ट्स त्वचेची काळजी घेते. लायनरचे कापड विरळ असल्यामुळे ती एकटी घालण्यासाठी नसते. थेट सीटवर घासली तर लवकर झिजते आणि तिच्यातून आरपारही दिसते.

या पॅडला सायकलवाले ‘शामी’ म्हणतात. युरोपात पूर्वी हे पॅड शामी नावाच्या रानबकरीसारख्या प्राण्याच्या मऊ कातड्याचे असत. धुतल्यावर ते कातडे कडक होई, म्हणून त्याला क्रीम चोळून पुन्हा मऊ करावे लागे. आता पॅड कृत्रिम धाग्याचे आणि फोमचे असते. नाव मात्र तेच राहिले आहे.

सीटवर बसल्यावर शरीरात काय होते?

कडक पाटावर मांडी न घालता ताठ बसा. ढुंगणाखाली दोन टणक उंचवटे टोचतात. ही बसण्याची हाडे. शरीराचे वजन पेलण्यासाठी निसर्गाने दिलेली हीच जागा आहे. सायकलच्या सीटवरही वजन याच दोन हाडांवर यायला हवे.

या दोन हाडांच्या मधल्या जागेत, म्हणजे जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात, हाडाचा आधार नसतो. तिथून प्युडेंडल नावाचा मज्जातंतू आणि जननेंद्रियाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जातात. मूत्रमार्गही इथेच असतो. तुम्ही पुढे वाकलात, सीटचे टोक वर उचललेले असले किंवा सीट तुमच्या हाडांपेक्षा अरुंद असली, की वजन या मऊ भागावर येते. मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या दबल्या की मुंग्या येतात, मग बधीरपणा येतो.

दुसरा प्रश्न त्वचेचा. पेडल मारताना मांड्या मिनिटाला ६० ते ९० वेळा वरखाली होतात. दोन तासांत हजारो वेळा त्वचा कापडावर आणि सीटवर घासते. त्यात घाम, उष्णता आणि दाब यांची भर पडते. ओली त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा लवकर सोलवटते. केसांच्या मुळाशी बारीक जखम झाली की त्वचेवर एरवी निरुपद्रवी राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू आत शिरतात, आणि केसतूड होते.

डोंगरात तिसरी गोष्ट जोडली जाते, ती म्हणजे हादरे. दगडगोट्यांवरून जाताना सीट खालून आपटत राहते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अत्यंत जास्त माउंटन बायकिंग करणाऱ्या पुरुषांच्या वृषणकोशाची सोनोग्राफी केली होती. आठवड्यातले सहा दिवस, रोज दोन तासांहून जास्त सायकल चालवणारे हे लोक होते. त्यांच्यापैकी बहुतेकांमध्ये वारंवार बसणाऱ्या बारीक माराच्या खुणा दिसल्या. रविवारी दोन-तीन तास चालवणाऱ्याने यावरून घाबरण्याचे कारण नाही. पण खडबडीत उतारावर सीटवर बसून राहू नये, पेडलवर उभे राहून गुडघे-कोपरांनी हादरे झेलावेत, हे यातून सगळ्यांनी शिकण्यासारखे आहे.

पॅड काय करते आणि काय करत नाही?

पॅड तीन कामे चांगली करते. घाम त्वचेपासून दूर नेते. शिवणीची टोचणी आणि घर्षण कमी करते. बसण्याच्या हाडांखालचा दाब थोडा पसरवते.

चुकीच्या सीटचा दोष मात्र पॅड दूर करू शकत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने पुढचे टोक नसलेली सीट वापरायला दिली. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीच्या सहा महिन्यांत बधीरपणा अजिबात आला नाही, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला २७ टक्के होते. ते ८२ टक्क्यांवर गेले. बदलला होता तो सीटचा आकार.

डोंगरात तोल सांभाळण्यासाठी सीटचे टोक उपयोगी पडते, म्हणून तशीच सीट लावा असे आम्ही सांगत नाही. मधोमध खाच किंवा पोकळी असलेली, योग्य रुंदीची सीट बहुतेकांना पुरते. मुद्दा एवढाच, की बधीरपणा आला म्हणून आणखी जाड पॅड विकत घेणे हा चुकीचा खर्च आहे. कधीकधी त्याने त्रास वाढतो. फार मऊ, जाड थरात हाडे खाली रुततात, आणि मधला भाग वर दाबला जातो. सीटवर चढवायच्या जाड जेलच्या कव्हरचेही तेच.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी सायकलस्वार, पोहणारे आणि धावपटू पुरुष यांची तुलना केली. त्यात सायकलस्वारांचे लैंगिक आरोग्य इतरांपेक्षा वाईट आढळले नाही. ही दिलासा देणारी गोष्ट आहे, कारण या भीतीने अनेकजण सायकल सोडतात. याच पाहणीत एकूण वेळेच्या २० टक्क्यांहून जास्त वेळ उभे राहून पेडल मारणाऱ्यांमध्ये बधीरपणा कमी होता. ज्यांचे हँडल सीटच्या बरोबरीने किंवा वर होते, त्यांनाही बधीरपणा आणि फोड कमी झाले होते. या दोन्ही सवयींना पैसे पडत नाहीत.

शॉर्ट्स निवडताना काय पाहावे?

१. माप

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. सैल लायनर घेतली की पॅड जागेवर राहत नाही, सुरकुत्या पडतात आणि नेमके तिथेच काचते. लायनर त्वचेसारखी बसायला हवी. फार घट्ट घेतली तर मांडीवर वळ उठतात आणि कमरेचा पट्टा पोटात रुततो. कंपनीच्या तक्त्यातले कंबर आणि नितंब ही दोन्ही मापे टेपने घेऊन जुळवा. रोजच्या पॅन्टचा नंबर सांगून घेऊ नका. दोन मापांच्या मध्ये असाल तर दोन्ही घालून पाहा.

२. पॅडची जाडी आणि घनता

बोटाने पॅड दाबून पाहा. लगेच पूर्ण दबून खालचे बोट जाणवत असेल, तर तो मऊ फोम तासाभरात बसकण मारेल. दाबल्यावर विरोध करणारा आणि सोडल्यावर लगेच वर येणारा फोम चांगला. काही कंपन्या घनतेचा आकडा किलो प्रति घनमीटरमध्ये देतात. लांब पल्ल्याच्या पॅडमध्ये हाडांखालच्या भागाला हा आकडा साधारण ८० ते १२० असतो. हाडांखाली जास्त घनतेचा आणि कडांना पातळ होत जाणारा फोम असेल, तर पॅड पायांमध्ये येत नाही.

रस्त्यावर माणूस तासन्‌तास एकाच जागी बसतो. डोंगरात सतत उठबस असते, शरीर सीटच्या मागे-पुढे जाते, आणि कठीण चढावर सायकल ढकलत चालावेही लागते. फार जाड पॅड अशा वेळी सीटच्या टोकाला अडकते आणि चालताना लंगोट बांधल्यासारखे वाटते. पुढील अंदाज उपयोगी पडेल:

• एक तासापर्यंत, जवळपासच्या टेकडीवर: पातळ पॅड पुरते.
• दोन ते चार तास, कच्चा रस्ता आणि घाट: मध्यम जाडी, घट्ट फोम.
• दिवसभर, किंवा मनाली–लेहसारखा अनेक दिवसांचा प्रवास: चांगल्या घनतेचे पॅड, आणि किमान तीन जोड.

३. पॅडची रुंदी आणि आकार

फोमचा जाड भाग तुमच्या हाडांखाली यायला हवा. हाडांमधले अंतर घरी मोजता येते. खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवा. पातळ कपड्यांत त्यावर बसा, टाचा उचला आणि थोडे पुढे वाका. अर्धा मिनिट थांबून उठा. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजा. बहुतेकांत ते १० ते १६ सेंटिमीटरच्या दरम्यान येते. स्त्रियांमध्ये ते सरासरीने थोडे जास्त असते. याचा वजनाशी किंवा नितंबांच्या घेराशी थेट संबंध नसतो. हाच आकडा सीट निवडतानाही कामी येतो.

स्त्रियांसाठीचे आणि पुरुषांसाठीचे पॅड वेगळे असते, आणि हा फरक खरा आहे. स्त्रियांच्या पॅडमध्ये मागचा भाग रुंद आणि पुढचा आखूड असतो. मधोमध शिवण नसलेले पॅड घ्या. मधल्या शिवणीमुळे योनीच्या बाहेरच्या नाजूक भागाला सूज आणि जखमा होतात. वर सांगितलेल्या संशोधकांच्या स्त्रियांवरील पाहणीतही सायकलस्वार स्त्रियांमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग, बधीरपणा आणि फोड जास्त आढळले होते. म्हणून घरातल्या पुरुषाची जुनी लायनर वापरू नये.

४. कापड आणि शिवण

आपल्याकडे उन्हाळ्यात घाम आणि पावसाळ्यात दमटपणा, दोन्ही भरपूर. सुती कापड घाम धरून ठेवते, म्हणून इथे ते गैरसोयीचे. पॉलिएस्टर किंवा नायलॉनमध्ये ताणले जाणारे धागे मिसळलेली जाळी घ्या. जेल भरलेल्या पॅडमधून हवा जात नाही, त्यामुळे गरम दिवसांत फोम बरा. आतल्या बाजूने हात फिरवा. मांडीच्या आतल्या बाजूच्या शिवणी सपाट असाव्यात. पॅडच्या कडेला उंच दोरा किंवा टोचणारे लेबल नको.

५. कमरेची की खांद्याच्या पट्ट्याची?

खांद्यावर पट्टे असलेल्या लायनरला बिब म्हणतात. ती खाली सरकत नाही आणि पोटावर दाब येत नाही. पोट सुटलेल्यांना, हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि छातीत जळजळ होणाऱ्यांना ती सोयीची पडते. अडचण लघवीला जाताना येते. वारंवार लघवीला जावे लागत असेल तर कमरेचा रुंद, मऊ पट्टा असलेली लायनर घ्या. लघवीला जाणे नको म्हणून पाणी कमी पिणे, ही सवय अजिबात लावून घेऊ नका.

दुकानात पाच मिनिटांची तपासणी

१. स्वतःच्या पातळ अंडरवेअरवर लायनर घाला आणि बाहेरची शॉर्ट्सही सोबत घाला. बाहेरची शॉर्ट्स आतल्या कापडावर सरकायला हवी.
२. उभे राहून नव्हे, सायकलवरच्यासारखे वाकून बसून तपासा. उभे राहिल्यावर पॅड थोडे अवजड वाटतेच.
३. गुडघे छातीपर्यंत दहा-दहा वेळा उचला. पॅड सरकते का, जांघेत दुमडते का, ते पाहा.
४. मांडीवरच्या रबराखाली एक बोट सहज जायला हवे.
५. दुकानातल्या सायकलवर बसून पाहा. हाडांखाली फोम आहे की पॅडची कड, हे लगेच कळते.

ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची अट वाचा. आतले कपडे अनेक ठिकाणी परत घेत नाहीत. आधी एकच घ्या, दोन-तीनदा वापरा आणि मगच दुसरी मागवा.

वापरताना

अंडरवेअर नको. पहिल्यांदा हे विचित्र वाटते. पण अंडरवेअरची शिवण आणि ओले सुती कापड त्वचा आणि पॅड यांच्यामध्ये आले, तर पॅडचा उपयोगच संपतो.

क्रीम. लांब पल्ल्याआधी घर्षण कमी करणारे क्रीम जांघेत आणि पॅडच्या कडांना लावता येते. मेंथॉल असलेल्या क्रीमने नाजूक भागाची आग होऊ शकते. खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली एखाद्या वेळी चालते, पण ती पॅडमध्ये मुरते आणि धुऊन नीट निघत नाही. टाल्कम पावडर घामात भिजून गोळे होते आणि उलट काचते. ती टाळा.

केस काढू नका. जांघेतले केस वस्तऱ्याने काढले की केसतूड होण्याची शक्यता वाढते. फार वाढले असतील तर कात्रीने किंवा ट्रिमरने कमी करा.

सायकल थांबली की शॉर्ट्स बदला. राइड संपल्यावर त्याच ओल्या शॉर्ट्समध्ये मिसळ खात बसणे आणि तसेच गाडीतून दोन तास घरी येणे, हे जांघेतल्या संसर्गाचे मोठे कारण आहे. गाडीत कोरडी शॉर्ट्स, टॉवेल आणि पाण्याची बाटली ठेवा. आंघोळ शक्य नसेल तर पाण्याने धुऊन कोरडे करा.

पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडच्या कडा काचतात. मासिक पाळीचा कप किंवा टॅम्पॉन वापरण्याची सवय असेल तर ते सोयीचे पडते. नसेल तर त्या दिवसांत छोटी राइड करा.

धुणे आणि वाळवणे

प्रत्येक राइडनंतर धुवा. ‘कालच तर घातली होती’ म्हणून तीच पुन्हा घालू नका. उलटी करून, साध्या पाण्यात, सौम्य साबणाने धुवा. कापड मऊ करणारे द्रव वापरू नका, त्याचा थर बसून घाम शोषण्याची क्षमता कमी होते. जंतुनाशक द्रवाचा अंश पॅडमध्ये राहिला तर त्वचेची आग होते, म्हणून तेही नको. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. इस्त्री आणि ड्रायरच्या उष्णतेने फोम खराब होतो.

पावसाळ्यात खरी कसोटी असते. वरून सुकलेले पॅड आतून दमट राहते, आणि दमट पॅड म्हणजे बुरशीला आमंत्रण. पॅडची बाजू बाहेर ठेवून पंख्याखाली वाळवा आणि ऊन पडले की थोडा वेळ उन्हात ठेवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नियमित चालवणार असाल तर दोन किंवा तीन जोड लागतीलच. एक महागडी घेण्यापेक्षा दोन मध्यम किमतीच्या घेणे आरोग्याच्या दृष्टीने बरे.

फोम दाबल्यावर वर येत नसेल, कापड पारदर्शक झाले असेल, रबर सैल पडले असेल किंवा धुऊनही वास जात नसेल, तर शॉर्ट्स बदलायची वेळ झाली.

त्रास झालाच तर

काचणे, सोलवटणे. सायकल दोन-तीन दिवस बंद. साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा, पातळ थर पेट्रोलियम जेलीचा लावा, सैल सुती कपडे घाला. जागा पुन्हा पुन्हा तीच असेल तर शिवण, माप किंवा सीटची उंची तपासा. सीट फार उंच असेल तर नितंब डावी-उजवीकडे हेलकावतात आणि एका बाजूला जास्त काचते.

केसतूड. कोमट पाण्याचा शेक दिवसातून तीन-चार वेळा, १० मिनिटे. पिळू नका, सुईने टोचू नका. बरे होईपर्यंत सीटवर बसू नका.

नायटा किंवा गजकर्ण. जांघेत कडा लाल, उठावदार, मध्ये फिकट आणि सतत खाज असेल तर तो काचण्याचा त्रास नसून बुरशीचा संसर्ग असू शकतो. मेडिकलमधून मिळणाऱ्या ‘तीन-चार औषधे एकत्र’ असलेल्या मलमांत बहुधा स्टिरॉइड असते. दोन दिवस खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते, नंतर नेहमीच्या औषधांनाही दाद देत नाही, आणि मांडीच्या त्वचेवर कायमचे पांढरे-जांभळे चट्टे राहू शकतात. असे मलम स्वतःच्या मनाने लावू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि टॉवेल घरात कोणाशीही वाटून वापरू नका.

बधीरपणा. मुंग्या आल्या की लगेच उभे राहा, उतरून चाला. घरी आल्यावर सीट पाण्याच्या पातळीसारखी सपाट आहे का पाहा. टोक वर असेल तर थोडे खाली करा. हँडल उंच करून पाहा. हे सगळे करूनही प्रत्येक राइडमध्ये बधीरपणा येत असेल तर तपासणी करून घ्या.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

मधुमेह असलेले. साखर नियंत्रणात नसेल तर छोटे केसतूडही झपाट्याने गळवात बदलते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्यांनी साखर लघवीतून बाहेर जाते, त्यामुळे जननेंद्रियाच्या भागात बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. या गटातील औषधे घेणाऱ्यांमध्ये त्या भागाचे मांस सडवणारा, फोर्नियर गँगरीन नावाचा अत्यंत दुर्मीळ पण जीवघेणा संसर्ग आढळल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली इशारा दिला होता. याचा अर्थ गोळ्या किंवा सायकल बंद करा असा नाही. सायकल मधुमेहात फायद्याचीच आहे. राइडनंतर कपडे लगेच बदला, त्या भागाकडे आरशात लक्ष द्या आणि फोड दिसला की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे. आपटल्यावर आत रक्त साकळू शकते. खडबडीत वाटांवर जाण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

प्रोस्टेटची तपासणी करणारे. पीएसए या रक्ततपासणीआधी ४८ तास सायकल चालवू नये. आकडा वाढलेला येऊ शकतो आणि विनाकारण काळजी लागते.

मूळव्याध किंवा भगंदर असलेले. रक्त जात असेल किंवा पू येत असेल तर आधी उपचार, मग सायकल. गुदद्वाराजवळ वारंवार फुटणारा ‘फोड’ सायकलीमुळेच आहे असे गृहीत धरू नका. ते भगंदर असू शकते.

डॉक्टरांना कधी भेटावे?

पुढीलपैकी काही असेल तर एक-दोन दिवसांत भेटा:

• फोड सुपारीएवढा झाला, ठणकतो आहे किंवा त्यात पू आहे
• दोन आठवडे काळजी घेऊनही जखम भरत नाही
• सायकल थांबवल्यावरही बधीरपणा २४ तासांहून जास्त टिकतो
• लघवीला जळजळ, धार बारीक होणे
• वृषणात किंवा जांघेत नवीन गाठ
• ताठरता येण्यात नव्याने अडचण

पुढील लक्षणांत थांबू नका, लगेच रुग्णालयात जा:

• सायकलच्या दांड्यावर आपटल्यावर लघवीच्या जागेतून रक्त येणे किंवा लघवी न होणे
• अचानक एका वृषणात तीव्र कळ. वृषणाला पीळ पडला असेल तर पहिले सहा तास मोलाचे असतात
• मार लागल्यानंतर ताठरता चार तासांहून जास्त टिकणे, मग दुखत नसले तरी
• जांघेत किंवा वृषणकोशावर झपाट्याने पसरणारी लाली, काळसर डाग, असह्य वेदना आणि ताप

तपासणीत डॉक्टरांना नेमके सांगा: किती वेळ चालवता, कधी दुखते, दुखते की बधीर होते. सीटचा आणि शॉर्ट्सच्या आतल्या बाजूचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर कारण लवकर सापडते. स्त्री रुग्णांना स्त्री डॉक्टर हवी असेल तर तसे सांगण्यात काहीच गैर नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सुरुवातीला बूड दुखतेच, मग त्यासाठी महाग शॉर्ट्स का घ्यायची?
नव्याने सुरू करणाऱ्याला बसण्याच्या हाडांवर दोन-तीन आठवडे दुखते आणि ते हळूहळू कमी होते. हे स्वाभाविक आहे. सोलवटणे, फोड आणि बधीरपणा मात्र सवयीने जाणारी दुखणी नाहीत.

जिममधल्या सायकलसाठीही लायनर लागते का?
अर्धा तास बसत असाल तर गरज नाही. स्पिनिंगचा तासभराचा वर्ग असेल तर उपयोग होतो.

दोन लायनर एकावर एक घातल्या तर?
नको. दोन थर एकमेकांवर घसरतात, उष्णता वाढते आणि जास्त काचते.

मुलांना पॅडची शॉर्ट्स द्यावी का?
छोट्या फेऱ्यांसाठी गरज नाही. स्पर्धेचा सराव करणाऱ्या मुलांना त्यांच्या मापाची द्या, मोठ्यांची आटवून नको. आणि तिथे दुखले तर सांगायचे, लपवायचे नाही, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा.

घरात कोणी सायकल चालवत असेल आणि अचानक बंद केली असेल, तर एकदा मोकळेपणाने विचारा. वडील, बायको, कॉलेजातला मुलगा, कोणीही असो. कारण बरेचदा आळस नसते. ते एखादे न सांगितलेले दुखणे असते, आणि नीट मापाची शॉर्ट्स, थोडी खाली झुकवलेली सीट किंवा वेळेवर केलेली एक तपासणी एवढ्यावर ते बरे होऊ शकते.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या त्रासाचे निदान आणि उपचार तुमच्या डॉक्टरांच्या तपासणीनंतरच ठरवावेत.